आकडे कोणासाठी लिहावयाचे?

एखाद्या विषयात पारंगत असणे ही एक विद्या आहे आणि तो विषय दुसऱ्यास लिहून समजावणे ही निराळी विद्या आहे. पहिली ग्रंथांनी व अनुभवाने येते. दुसरी मात्र वाचक बदलला की पुन्हा नव्याने शिकावी लागते. वैद्याने वैद्यासाठी लिहिलेला लेख गृहिणीच्या उपयोगी पडत नाही, आणि वकिलाच्या टिपणावरून शेतकऱ्यास आपला हक्क उमगत नाही. वृत्तपत्र, त्रैमासिक, सरकारी समितीपुढील साक्ष, कायदेमंडळातील भाषण, नभोवाणीवरील व्याख्यान या प्रत्येकाची भाषा वेगळी, पुराव्याची रीत वेगळी आणि चूक झाली असता भरावा लागणारा दंडही वेगळा. महाराष्ट्रात ही दुसरी विद्या ज्यांनी चिकाटीने आत्मसात केली त्यांत गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. राजकारणी पुरुष म्हणून त्यांची चरित्रे पुष्कळ झाली आहेत. परंतु आकड्यांचा लेखक म्हणून ते कसे घडले, ही कथा तितकीशी सांगितली जात नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात समुद्रकाठी वेळणेश्वर हे गाव आहे. माडांच्या आगरांच्या सावलीत शंकराचे देऊळ आणि पुढे चंद्रकोरीसारखा वळलेला किनारा, असे त्याचे रूप. कोकणातील अनेक गोखले घराणी वेळणेश्वरास आपला कुलस्वामी मानतात. याच तालुक्यातील कोतळूक या गावी ९ मे १८६६ रोजी गोपाळरावांचा जन्म झाला. पुढे ज्या प्रश्नावर त्यांनी वर्षानुवर्षे लिहिले व भाषणे केली त्यांपैकी एक मिठावरील कराचा होता, आणि तो प्रश्न समजण्यास वेळणेश्वरासारख्या किनाऱ्याएवढी सोयीची जागा नाही. १८८८ साली सरकारने मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेला. कोकणातील कुटुंबास मीठ केवळ ताटापुरते लागत नसे. लोणची, कोकमाचे आगळ, पावसाळ्याच्या बेगमीसाठी खारवून ठेवावयाची मासळी, या सर्वांस मीठ हवे. अशा घरातील माणसाचा प्रश्न एकच: बाजारात मीठ काय भावाने मिळेल? पुण्यातील सुशिक्षित गृहस्थाचा प्रश्न निराळा: गरिबाच्या अन्नावर कर बसविणे न्याय्य आहे काय? कलकत्त्याच्या खजिना खात्यातील अधिकाऱ्याचा प्रश्न तिसराच: कर कमी केल्यास उत्पन्नात किती तूट येईल आणि ती कोठून भरून काढावयाची? मीठ एक, कर एक. पण प्रश्न तीन आणि वाचकही तीन. या तिघांसही एकाच लेखाने उत्तर देऊ म्हणणारा लेखक बहुधा तिघांसही गमावतो.

ही अडचण गोखल्यांच्या पूर्वीच मराठी लेखकांच्या ध्यानात आली होती. बाळशास्त्री जांभेकर हेही मूळचे त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातीलच. त्यांचे पोंभुर्ले गाव पुढे सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेले. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, ते इंग्रजी व मराठी अशा दोन स्तंभांत. एका बाजूचा वाचक युरोपियन व इंग्रजी शिकलेला, दुसऱ्या बाजूचा केवळ मराठी जाणणारा. परंतु पदार्थविज्ञान, भूगोल, इतिहास या विषयांचे सविस्तर निरूपण वृत्तपत्राच्या दोन स्तंभांत मावेना, तेव्हा १८४० साली बाळशास्त्र्यांनी ‘दिग्दर्शन’ हे स्वतंत्र मासिक काढले. बातमीचे पात्र वेगळे आणि ज्ञानाचे पात्र वेगळे, हा विवेक मराठीत येथून सुरू होतो. पुढे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी ‘प्रभाकर’ पत्रातून १८४८ पासून शतपत्रे लिहिली ती सामान्य वाचकास टोचून जागे करण्यासाठी. आणि अर्थशास्त्राची मूलतत्त्वे सांगण्यासाठी १८४९ साली ‘लक्ष्मीज्ञान’ हा वेगळा ग्रंथ लिहिला. एकाच लेखकाने पत्रात एक आवाज लावावा आणि ग्रंथात दुसरा, ही परंपरा अशी आधीपासून होती. गोखल्यांनी तिला कठोर शिक्षणाची शिस्त आणली.

गोखल्यांचे बालपण ओढगस्तीचे होते. वडील कृष्णराव १८७९ साली वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून कागल येथे दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. पैचा हिशेब ठेवणे हे गोपाळरावांना अशा रीतीने अर्थशास्त्राच्या पुस्तकाआधी घरच्या परिस्थितीने शिकविले. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेऊन ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले व पुढे फर्गसन कॉलेजात शिकवू लागले. या काळात एका सहकारी शिक्षकाबरोबर त्यांनी अंकगणिताचे शालेय पुस्तक तयार केले आणि ते पुष्कळ चालले. या पुस्तकाकडे चरित्रकार ओझरते पाहतात. परंतु लेखनशिक्षणाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. मुलांसाठी उदाहरण घालताना एकही पायरी गाळता येत नाही. जो शब्द आधी सांगितला नाही तो मध्येच वापरता येत नाही. ज्यास पुढे साम्राज्याच्या जमाखर्चावर लिहावयाचे होते त्यास बारा वर्षांच्या मुलाइतका निष्ठुर परीक्षक आरंभीच लाभला.

दुसरे परीक्षक त्याहूनही निष्ठुर निघाले. ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. पुण्याच्या सार्वजनिक सभेची स्थापना १८७० सालची. १८७८ पासून ही सभा इंग्रजीत एक त्रैमासिक काढीत असे. जमीनमहसूल, दुष्काळ, रेल्वे, चलन, शेतकऱ्यांचे कर्ज असे त्याचे विषय असत. रानडे सरकारी नोकरीत असल्यामुळे त्यांचे नाव लेखांवर येत नसे. तथापि त्रैमासिकाचा बराचसा भार त्यांनीच वाहिला होता. १८८७ साली या त्रैमासिकाचे संपादकत्व गोखल्यांकडे आले. वय अवघे एकवीस वर्षांचे. शिकण्याची रीत अशी: रानड्यांनी सांगितलेले सरकारी अहवाल मुळातून वाचावयाचे, त्यांतील आकडे निवडावयाचे, एका खात्याचे आकडे दुसऱ्या खात्याच्या आकड्यांशी ताडून पाहावयाचे, नंतर मसुदा लिहावयाचा आणि तो रानड्यांपुढे ठेवावयाचा. मसुद्यातील प्रत्येक विधानास आधार मागितला जाई. जेथे आधार नसे तेथे विधान जाई. जेथे शब्द पुराव्याहून मोठा असे तेथे शब्द खाली उतरे. रानड्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०१ पर्यंत, सुमारे चौदा वर्षे हा सहवास टिकला. सोलापूरचे शिक्षक गणेश व्यंकटेश जोशी हे दुसरे गुरू. सरकारी आकड्यांचा त्यांच्याइतका मार्मिक अभ्यासक त्या काळी दुर्मिळ होता. प्रसिद्धीपासून दूर राहून त्यांनी गोखल्यांना सामग्री व दृष्टी दोन्ही दिली.

त्रैमासिकाचा वाचक कोण? वरवर पाहता सरकारी अधिकारी, इंग्रज संपादक आणि पार्लमेंटातील एखादा सहानुभूतीचा सभासद. अशा वाचकास आवेश चालत नाही. लेखक चिडला आहे असे दिसताच तो अहवाल मिटवून ठेवतो. म्हणून त्रैमासिकाची भाषा थंड, वाक्ये लांब परंतु घडीव आणि प्रतिपक्षाची बाजू आधी न्याय्यपणे मांडणारी अशी असे. सरकारचे खंडन करावयाचे ते सरकारच्याच आकड्यांनी, हा या शैलीचा मुख्य नियम. अधिकाऱ्यास स्वतःचा अहवाल नाकारता येत नाही, हे त्यातील मर्म होते.

परंतु या लेखनाचा खरा वाचक कोण, याविषयी रानड्यांनी शिष्यास दिलेले उत्तर गोखल्यांनी पुढे स्वतः सांगितले आहे. सभेच्या वतीने मोठ्या कष्टाने तयार केलेल्या अर्जांवर सरकारकडून दोन ओळींचे कोरडे उत्तर येई. तरुण गोखल्यांस याचा विषाद वाटला आणि हे श्रम कशासाठी करावयाचे, असे त्यांनी विचारले. रानड्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, हे अर्ज नावापुरते सरकारला लिहिलेले असतात; वास्तविक ते लोकांसाठी असतात, कारण अशा विषयांवर विचार कसा करावा हे लोकांनी अजून शिकावयाचे आहे. पाकिटावरचा पत्ता एकाचा आणि पत्र दुसऱ्यास, असा हा प्रकार आहे. विशेषज्ञाच्या लेखनाविषयी मराठी मुलखात इतकी मार्मिक गोष्ट क्वचितच कोणी सांगितली असेल. मात्र तिच्यात एक अडचण दडलेली होती. लोकांसाठी लिहिलेले ते पत्र इंग्रजीत होते.

या अडचणीवर एक उपाय १८८८ साली दिसला. गोपाळ गणेश आगरकर यांनी ‘केसरी’ सोडल्यावर ‘सुधारक’ हे साप्ताहिक काढले आणि त्याची इंग्रजी बाजू गोखल्यांकडे दिली. एकाच पत्राच्या दोन बाजू दोन गोपाळांनी सांभाळल्या. आगरकरांची मराठी बाजू घरातल्या माणसांशी बोले. सोवळे, केशवपन, बालविवाह हे तिचे विषय, आणि तिच्यात क्रोध, उपरोध, करुणा या सर्वांस मुभा होती. गोखल्यांची इंग्रजी बाजू बहुधा राज्यकारभाराकडे वळलेली असे. त्रैमासिकात तीन महिन्यांचा अवधी होता. साप्ताहिकात सात दिवसांचा. तेथे विस्तृत प्रबंधास जागा नाही. आठवड्यातील एक घटना घ्यावी, तिच्यामागील एक तत्त्व दाखवावे, एखादा आकडा द्यावा आणि थांबावे. काही वर्षे हे काम केल्यावर गोखल्यांच्या हातास आटोपशीरपणाची सवय लागली. तथापि ‘सुधारका’चा मराठी वाचक आगरकरांचा राहिला, गोखल्यांचा झाला नाही. १८९५ साली आगरकर वारले.

त्याच वर्षी सार्वजनिक सभेची सूत्रे टिळकपक्षाकडे गेली. रानडे व गोखले बाहेर पडले आणि १८९६ साली त्यांनी डेक्कन सभा स्थापन केली. पक्षभेदाचा हा इतिहास सर्वश्रुत आहे. येथे प्रस्तुत आहे ती त्यानंतरची एक घटना. १८९६ चा पावसाळा हुकला व दुष्काळ पडला. दुष्काळात सरकारने काय करावे याचे नियम सरकारच्याच दुष्काळसंहितेत लिहिलेले होते: महसुलाची तहकुबी केव्हा, कामे कोठे काढावयाची, मजुरी किती. परंतु ती संहिता इंग्रजीत आणि कायद्याच्या भाषेत. टिळकांच्या नेतृत्वाखालील सार्वजनिक सभेने तिचा सारांश मराठीत छापून गावोगाव वाटला, आणि सभेचे प्रतिनिधी उत्तर कोकणातही शेतकऱ्यांच्या सभा घेऊन त्यांतील कलमे वाचून दाखवू लागले. जी संस्था एके काळी अधिकाऱ्यांसाठी इंग्रजी त्रैमासिक काढी तीच आता कुळांसाठी मराठी पत्रके काढू लागली. विषय तोच, आधारही सरकारी कागदाचाच. बदलला तो वाचक. त्रैमासिकास सरकार दोन ओळींचे उत्तर देई. पत्रकांस उत्तर म्हणून १८९७ साली सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. योग्य वाचकापर्यंत योग्य भाषेत पोहोचलेल्या माहितीची शक्ती सत्तेने किती अचूक ओळखली होती, हे यावरून दिसून येते. टिळक व गोखले यांच्यात मतभेद कितीही असोत, रानड्यांच्या शब्दांतील ‘लोक’ या वेळी टिळकांच्या पत्रकांनी गाठले हे मान्य करावे लागते.

गोखले त्या वेळी दुसऱ्याच परीक्षेस निघाले होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लंडनमध्ये लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन बसले होते. त्यापुढे साक्ष देण्यास १८९७ साली दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, जी. सुब्रह्मण्य अय्यर आणि डेक्कन सभेच्या वतीने गोखले हे गेले. साक्षीचे लेखन हा पुन्हा एक वेगळा प्रकार. आधी लेखी निवेदन द्यावयाचे. मग त्यातील प्रत्येक ओळीवर जाणत्या माणसांनी उलटतपासणी घ्यावयाची. जो आकडा निवेदनात घातला तो तोंडी टिकविता आला पाहिजे. गोखल्यांनी जोशी यांच्या साह्याने लष्करी खर्च, प्रांतिक जमाखर्च, वरिष्ठ नोकऱ्यांतून देशी लोकांस वगळणे अशा विषयांवर निवेदन रचले होते. वय अवघे तीस वर्षांचे. परंतु अनुभवी प्रश्नकर्त्यांपुढे त्यांची साक्ष ढळली नाही. रानड्यांच्या मसुद्यावरील दहा वर्षांचे फळ ते हेच.

आणि याच प्रवासात ज्या प्रकारच्या लेखनाचे शिक्षण त्यांस मिळाले नव्हते त्याने त्यांस दगा दिला. पुण्यात प्लेगचा कहर चालू होता. रँडसाहेबांच्या हाताखालील प्लेगसमिती गोऱ्या शिपायांकडून घरांची झडती घेत होती. पुण्याहून गोखल्यांस मित्रांची पत्रे येत. त्यांत शिपायांच्या वर्तनाची भयंकर हकिकत असे. गोखल्यांनी ती ‘मँचेस्टर गार्डियन’च्या प्रतिनिधीस सांगितली. दोन स्त्रियांवर अत्याचार झाला व त्यांपैकी एकीने जीव दिला, असे विधान त्यात होते. मुलाखत जुलैच्या आरंभी छापली गेली आणि इंग्लंडात खळबळ उडाली. तत्पूर्वी २२ जूनला पुण्यात रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. सरकारने पुरावा मागितला. जुलैअखेर गोखले मुंबई बंदरात उतरले तो पोलीस अधिकारी बोटीवरच चौकशीस हजर. पुण्यात दडपशाहीचे वातावरण होते. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांतील कोणीही पुढे येऊन सांगण्याच्या स्थितीत नव्हता. गोखल्यांनी पत्रलेखकांची नावे उघड केली नाहीत. पुराव्याने सिद्ध करता येत नाही म्हणून विधान मात्र त्यांनी जाहीरपणे मागे घेतले आणि शिपायांची व सरकारची निरपवाद क्षमा मागितली.

या क्षमायाचनेने त्यांची लोकप्रियता रसातळाला गेली. स्वकीयांनी तिला भ्याडपणा म्हटले; इंग्रजी पत्रांनी विजयाची आरोळी ठोकली. नैतिक दृष्ट्या तिचा विचार पुष्कळांनी केला आहे. लेखनविद्येच्या दृष्टीने तिच्यातील बोध निराळा आहे. कमिशनपुढे एकही आकडा आधारावाचून न ठेवणाऱ्या गृहस्थाने वृत्तपत्रापुढे खाजगी पत्रांवर विश्वास टाकला, तो निष्काळजीपणामुळे नव्हे. पत्रे लिहिणारे त्यांचे विश्वासू होते आणि घरझडतीच्या जुलमाची सर्वसाधारण तक्रार पुण्यात सर्वत्र होती. परंतु जुलूम झाला हे सामान्य विधान आणि अमुक प्रकारचा गुन्हा अमुक संख्येने घडला हे विशिष्ट विधान यांना लागणारा पुरावा एक नाही. सरकारी अहवालातील आकड्यामागे सरकार स्वतः उभे असते; पत्रातील हकिकतीमागे केवळ पत्रलेखक उभा असतो, आणि भयाच्या काळात तो उभा राहू शकत नाही. अहवालाचा अभ्यास करणाऱ्यास माणसांच्या साक्षीची पारख निराळी शिकावी लागते. बातमीदारीचा हा पहिला धडा गोखले एकतिसाव्या वर्षी जगापुढे शिकले, आणि त्याची किंमत त्यांनी रोख मोजली.

त्यानंतरच्या त्यांच्या लेखनात व भाषणात एक नवी सावधता दिसते. तीच पुढे त्यांचे सामर्थ्य झाली. १९०२ साली ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले आणि २६ मार्च रोजी अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. त्या काळी मंडळातील लोकपक्षाच्या सभासदांस अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. म्हणजे रानड्यांनी सांगितलेला प्रसंगच मोठ्या रूपात पुन्हा उभा राहिला: बोलावयाचे खजिनदारापुढे, पण ऐकवावयाचे देशाला. गोखल्यांनी एकच मुद्दा धरला. सरकारला वर्षानुवर्षे शिल्लक उरते आहे. सरकार तिला भरभराटीची खूण समजते. परंतु दुष्काळांनी गांजलेल्या देशात खजिना तुडुंब भरावा, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहेत एवढाच होतो. बाकीचे भाषण या एका विरोधाभासाचा सरकारी आकड्यांनी केलेला उलगडा होते. अधिकाऱ्यास त्यात हिशेब सापडला, वृत्तपत्रास मथळा सापडला आणि सामान्य वाचकास घरातील उदाहरणासारखा सोपा अर्थ सापडला. वेगवेगळ्या वाचकांसाठी वेगवेगळे लिहिण्याचा सराव पंधरा वर्षे केल्यावर, त्या सर्वांस एका वेळी पोहोचणारे असे काही त्यांस साधले.

मिठाचा विषय त्यांनी काँग्रेसच्या १८९० च्या कलकत्ता अधिवेशनातही मांडला होता. आता तो दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी निघू लागला. दर वाढला की मिठाचा खप कसा खुंटतो आणि उतरला की कसा वाढतो हे ते दाखवीत, म्हणजे न्यायाचा प्रश्न विचारणारास न्यायाचे उत्तर मिळे आणि उत्पन्नाची काळजी वाहणारास उत्पन्नाचे. मिठावरील कर १९०३ साली अडीच रुपयांवरून दोन रुपये, १९०५ साली दीड रुपया आणि १९०७ साली एक रुपया झाला. हे एकट्या गोखल्यांच्या भाषणांनी झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. खजिन्यातील शिल्लक आणि देशभरची मागणी ही कारणे होतीच. परंतु शिल्लक कोणाकडे वळवावी या वादात मिठाचे नाव पहिले राहिले, याचे श्रेय ज्या थोड्यांस द्यावे लागेल त्यांत ते आहेत.

असे असूनही एक उणीव राहिली आणि ती झाकण्याचे कारण नाही. गोखल्यांचे बहुतेक सर्व लेखन इंग्रजीत आहे. वेळणेश्वराच्या किनाऱ्यावर ज्यास स्वस्त झालेले मीठ मिळाले त्यास ते का स्वस्त झाले हे गोखल्यांच्या स्वतःच्या मराठी लेखातून कळले नाही. मराठी वाचकाच्या मनात घर करण्याची जी किमया ‘केसरी’ने केली ती गोखल्यांच्या लेखणीस साधली नाही. या उणिवेची जाणीव त्यांस नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. १९०५ साली त्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाने पुढे १८४९ पासून चालत आलेले ‘ज्ञानप्रकाश’ हे मराठी पत्र आपल्याकडे घेतले, आणि नागपुरास १९११ साली ‘हितवाद’ सुरू केले. त्याच वर्षी गोखल्यांनी कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ साली ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. या विधेयकाचा विचार लेखनविद्येच्या संदर्भातही करावयास हवा. ज्यास अक्षरच येत नाही त्यास कोणत्या भाषेत लिहिले काय आणि न लिहिले काय! लोकांसाठी लिहावयाचे तर आधी वाचणारे लोक घडले पाहिजेत, हा रानड्यांच्या उपदेशाचा शेवटचा निष्कर्ष होता आणि गोखले तेथपर्यंत जाऊन पोहोचले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांचे देहावसान झाले. पुण्यात १९३० साली निघालेली गोखले अर्थशास्त्रसंस्था आणि तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी आकड्यांच्या अभ्यासाची परंपरा पुढे चालविली.

गोखल्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि जाणकार लेखकापुढे एक नवाच श्रोता येऊन बसला. त्यास अक्षर येण्याची अट नव्हती. परंतु या श्रोत्याच्या हाती कागद नसतो. ऐकलेले वाक्य त्यास उलटून पाहता येत नाही. त्रैमासिकात एका पानावर वीस आकडे शोभतात. नभोवाणीवर तिसरा आकडा येईपर्यंत पहिला विसरला जातो. म्हणून येथे आकड्याऐवजी प्रमाण सांगावे लागते, प्रमाणाऐवजी उदाहरण, आणि उदाहरणही ऐकणाराच्या घरातील. १९०२ च्या भाषणातील तो एक विरोधाभास, भरलेला खजिना आणि उपाशी देश, कानाने ऐकूनही लक्षात राहतो. त्याच भाषणातील कोष्टके राहत नाहीत.

पत्ता एकाचा व पत्र दुसऱ्यास, ही रानड्यांच्या काळची अडचणही या माध्यमाने एका मर्यादेपर्यंत दूर केली. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या श्रवणमंडळांचा प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत निवडलेली मंडळी एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. असे वीस कार्यक्रम झाले. जाणकाराने बोलावे आणि लोकांनी ऐकावे, एवढ्यावर हा व्यवहार थांबला नाही. श्रोत्याचा प्रश्न पुढील लेखनाचा विषय ठरू लागला. रत्नागिरीस नभोवाणी केंद्र १९७७ साली आले आणि कोकणच्या किनाऱ्याला त्याच्याच बोलीत, त्याच्याच पिकांविषयी व समुद्राविषयी बोलणारे साधन मिळाले.

साधने यापुढेही बदलत राहतील, आणि प्रत्येक नव्या साधनापाशी जाणकारास पुन्हा पाटीपूजन करावे लागेल. त्या वेळी गोखल्यांच्या उदाहरणातून घेण्यासारख्या गोष्टी तीन. विधान जितके विशिष्ट तितका पुरावा जवळचा हवा, हे त्यांस १८९७ ने शिकविले. मुद्दा एकच धरावा आणि बाकी सर्व त्याच्या सेवेस लावावे, हे १९०२ च्या भाषणाने दाखविले. तिसरी गोष्ट त्यांच्या उणिवेतून शिकावयाची: ज्याच्या हितासाठी लिहावयाचे त्याच्या भाषेत ते कोणी तरी लिहिलेच पाहिजे, आणि ते काम दुसऱ्या कोणावर सोपवून जाणकारास मोकळे होता येत नाही.